चिन्नीचा आकडा आणि माझे पांढरे शर्ट

माझ्या दोन वर्षांच्या मुलीला काहीही झालेलं नव्हतं, आणि ते बरं करायला मी तिला चार गावांत नेऊन सुया टोचवल्या.

चिन्नीला ताप आला, दोन दिवस जुलाब झाले आणि थांबले. उदगीरच्या लहान मुलांच्या डॉक्टरांनी तरीही रक्त तपासलं. सगळं ठीक होतं, फक्त 'अल्कलाइन फॉस्फेटेज' नावापुढचा आकडा दोन हजारांच्या वर, ठळक अक्षरांत, शेजारी चांदणी. डॉक्टरांनी लिव्हर बघितलं, हाडं बघितली, कॅल्शियम बघितलं. कुठंच काही नाही.

"घाबरू नका," ते म्हणाले. "लहान लेकरांत तापानंतर कधीकधी हा आकडा असा चढतो. आपोआप उतरतो. तीन महिन्यांनी बघू."

"औषध?"

"न्हाई."

"पथ्य तरी?"

"काई न्हाई. खेळू द्या."

आता, माझी कमलनगरात शेतमालाची अडत आहे. वीस वर्षं सोयाबीनची ओल मोजण्यात गेली. मशीनवर आकडा चढला की माल वाळवायचा, नाहीतर भाव पाडायचा. आकडा चढलाय आणि स्वस्थ बसायचं, हे माझ्या धंद्यात बसत नाही. दवाखान्याबाहेर येताच मी बायकोला म्हणालो, "ह्या डॉक्टराला कायबी कळत न्हाई."

"कळतंय म्हणूनच औषध दिलं न्हाई," शैला म्हणाली. "तुमी गप बसा."

मी गप बसलो नाही. फोनवर शोधलं. फोन म्हणाला, हा पदार्थ लिव्हरमधून येतो, नाहीतर हाडांतून. मग लिव्हरसाठी मी चिन्नीच्या वरणातलं तूप बंद केलं आणि हाडांसाठी दोन्ही वेळ तेलाची मालीश सुरू केली. लेकरू आतून कोरडं, बाहेरून तेलकट. उचलायला गेलं की हातातून निसटायचं.

आठवड्याने तिला बीदरला नेलं. (आमच्याकडचा शेतकरी तीन अडतींवर ओल मोजून मग चौथीवर माल घालतो. त्याला नावं ठेवण्यात मीच पुढे असतो.) बीदरला आकडा आणखी चढला. म्हणून कलबुर्गीला गेलो. तिथं थोडा उतरला, पण कागदावर शेजारी छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची होती. त्या मानाने पोरीचा आकडा कितीतरी पट! मग लातूर. शैलाला सांगितलं, मावशीला भेटायला जायलोय, चिन्नीलाबी नेतो.

चारही गावांत सुई टोचणारे पांढऱ्या कपड्यांत होते. आणि आमच्या बाजारात अडत्या म्हटला की पांढरा शर्ट. मलाही लग्नानंतर कुणी दुसऱ्या रंगात पाहिलेलं नाही.

लातूरहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी अडतीवरून घरी आलो. एरवी चिन्नी दारात धावत यायची आणि माझ्या खिशात शेंगा शोधायची. त्या दिवशी तिनं मला बघितलं, डावा हात पाठीमागं लपवला आणि सरळ खाटेखाली शिरली.

"चिन्नी, ये की. अप्पा आलाय."

"अप्पा न्हाई. अप्पा टुच."

आकड्याची भीती मी सहन केली होती. हे मात्र काळजाला लागलं. मी खाटेजवळ पालथा पडून शेंगा दाखवत असताना शैलानं माझा आदल्या दिवशीचा शर्ट धुवायला घेतला. खिशातून लॅबची पावती निघाली.

"मावशी आता लॅबमधी ऱ्हायलीय का?" तिनं शांतपणे विचारलं. त्यानंतर ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणजे घरातल्या दोघीही हातच्या गेल्या.

तीन महिने भरले. उदगीरच्या डॉक्टरांनी शेवटची एक तपासणी केली. आकडा जिथं असायला हवा तिथं, चांदणी गायब. चिन्नी डॉक्टरांच्या मांडीवर बसून त्यांच्या फुलाफुलांच्या शर्टाची गुंडी ओढत होती. मी टेबलावर बाकी तीन गावांचे कागद मांडले होते.

"तीन महिने काय केलंत?" कागद चाळत त्यांनी विचारलं.

"मी कायबी केलं न्हाई," शैला म्हणाली. "ह्यांनी लई केलं."

मी लाज सोडून म्हणालो, "डॉक्टर, आता तरी काहीतरी लिहून द्या. पोरगी माझ्याजवळ येईना."

त्यांनी एकदा माझ्याकडं, मग माझ्या शर्टाकडं बघितलं आणि गंभीरपणे कागद ओढला. बाहेर येऊन मी वाचलं: 'वडिलांसाठी. पांढरा शर्ट बंद. तीन महिने.'

सध्या मी अडतीवर लाल चौकड्यांच्या शर्टात बसतो. सोयाबीन घेऊन आलेला प्रत्येक जण विचारतो, "लाल शर्ट कामून, अण्णा?" मी सांगतो, पथ्य आहे. चिन्नी अजून हातभर लांबूनच शेंगा मागते, पण खाटेखाली जात नाही. आयुष्यात हे पहिलंच औषध, जे मी दुसऱ्या डॉक्टरला न विचारता घेतोय.