सिमेंटची बैलजोडी

यवतमाळात राहायला आल्यापासून डॉक्टरच्या धाकानं मी रोज सकाळी बागेत फिरतो. सागाची झाडं दाट, पायाखाली वाळली पानं, आणि वळणावळणावर सिमेंटची शिल्पं: हरीण, घागर घेतलेली बाई, बैलजोडी. त्या जोडीपाशी माझा पाय रोज अडतो. उजव्या बैलाचा खांदा पडका आहे, पाय मुडपलेले. दारव्ह्याच्या बाजारात असा बैल कुणी उभा केला असता, तर लोकांनी त्याला मालकासकट हाकललं असतं.

त्या बाजारात मी दुसऱ्यांचे बैल हाकत शिरलो आणि स्वतःच्या बळावर दलाल झालो. आमच्याच तांड्यातला एक मित्र जोडीदार होता. मी भांडायचो, तो गोड बोलायचा. धंदा मस्त चालायचा. एकदा आर्णीकडची एक पांढरी जोडी मी माझ्या दारात बांधायला बोलून ठेवली. यानं माझ्यामागं ती परस्पर दुसऱ्याला देऊन टाकली. तेव्हापासून बोलणं बंद. पुढं ट्रॅक्टर आले, बैलबाजार ओसरला. राग मात्र मी जपला.

परवा तो बागेत दिसला. थेट सिमेंटच्या जोडीपाशी येऊन बैलाचं तोंड न्याहाळू लागला. मला राहवलं नाही.

"दात पाहून राह्यला का?"

"दात कुठं हायेत याले? तुह्यासारखाच झाला."

आलेलं हसू मी दाबलं. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा आपल्या हातावर टाकला आणि हात पुढं केला. आमच्यात सौदा असाच व्हायचा. कापडाखाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगायचा, भोवतालच्यांना पत्ता लागत नसे. जो आधी हात काढेल, त्यानं सौदा मोडला.

"बोल, काय घेशीन अन् राग सोडशीन?"

मी हात घातला. त्याचा पंजा पार हाडकुळा झाला होता.

"चुकलो म्हण."

"अर्धा चुकलो. तुले इचारलं नाही, थे चुकलं. पण थ्या साली तुह्या दारी कडबा नव्हता. उपाशी मारतं का बैलाले?"

मस्तकात तिडीक गेली. कडबा नव्हता, हे खरं होतं.

"पुरा चुकलो म्हण," मी बोटं आवळली.

त्यानं नाही म्हणून मान हलवली. फिरणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. ऊन चढलं. हात कुणीच काढला नाही.