सहीविना आलेली तक्रार

काही गुन्हे गुन्हेगारामुळे लक्षात राहतात. हा मात्र तक्रारदारामुळे राहिला, आणि त्या तक्रारीवर तक्रारदाराचे नावच नव्हते.

मी तेव्हा शहरात सायबर विभागात होतो. दुष्काळाचे दुसरे वर्ष. शहर चारी बाजूंनी वाढत होते, पण नव्या वसाहतींत नळ पोहोचले नव्हते; सगळा कारभार टँकरवर. इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुराची माहिती देण्यासाठी सरकारी ऑनलाइन हेल्पलाइन होती, तिथे नाव न देताही तक्रार करता येई. एका सकाळी तिथून एक तक्रार आमच्याकडे वर्ग झाली. एका बाईच्या नावाने कुणीतरी खोटे पान उघडले होते. तिचा फोटो, मोबाईल नंबर आणि खाली अश्लील मजकूर. पुरावा म्हणून संगणकाच्या पडद्याचा मोबाईलने काढलेला तिरका फोटो जोडला होता, आणि एवढेच लिहिले होते: 'या बाईचा काही दोष नाही. हे काढून टाका.'

पान बंद करण्याचे पत्र त्याच दिवशी पाठवले. मग साध्या वेशात, महिला हवालदाराला सोबत घेऊन त्या बाईचे घर गाठले. ती मूळची वैजापूरकडची, नवरा कारखान्यात. वसाहतीत टँकरची पाळी लावण्याचे काम तिच्याकडे होते. घाणेरडे फोन येऊ लागल्यापासून तिने मोबाईल बंद ठेवला होता आणि घराबाहेर पडणे सोडले होते.

"साहेब, आत्ता चार जणांनी पाह्यलं असंल," ती म्हणाली. "तक्रार दिली की साऱ्या कॉलनीला कळंल."

हवालदाराने तिला हेल्पलाइनवर आलेला तो मजकूर वाचून दाखवला. कुणी लिहिले, असे तिने विचारले. आम्हालाही ठाऊक नव्हते. ती बराच वेळ रडली आणि मग तिने जबाब दिला.

तांत्रिक माहिती आली, तेव्हा इंटरनेटची जोडणी त्याच वसाहतीतल्या एका निवृत्त कारकुनाची निघाली. त्याने कानावर हात ठेवले. वायफायचा पासवर्ड शेजाऱ्यांना दिलाय, म्हणाला. माझे लक्ष त्याच्या संगणकाकडे गेले. वर निळ्या लोकरीचे विणलेले आवरण होते आणि त्याचे एक टोक पडद्यावर लोंबत होते. तक्रारीतल्या फोटोत हेच टोक होते. घरात माणसे दोनच. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि माझ्या हातातल्या फाइलकडे पाहत होती.

तो फोटो पुढे ठेवला असता तर तो जागीच गप्प झाला असता. पण त्याच्या बायकोला पुढेही त्याच घरात राहायचे होते. मी फाइल उघडलीच नाही. पंचनामा करून संगणक जप्त केला आणि त्याला चौकशीला आणले.

ठाण्यात तो शेजाऱ्यांचेच पालुपद लावून होता. तपासणीत त्याच्या संगणकातून हळदीकुंकवाचा एक फोटो निघाला. खोट्या पानावरचा त्या बाईचा चेहरा त्यातूनच कापून घेतला होता. तो समोर ठेवून मी फक्त टँकरबद्दल विचारले.

"साठी उलटलेल्या माणसाला तिनं सगळ्यांसमोर रांगेत मागं पाठवलं, साहेब," तो म्हणाला. एका घराला एकच पिंप असा नियम होता, आणि हा दोन घेऊन गेला होता. पुढचे त्याने स्वतःच सांगितले. शेवटी विचारले, तक्रार कुणी केली? हेल्पलाइनवर नाव विचारत नाहीत, असे मी सांगितले. ते खरेच होते.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन आली. आजूबाजूला कुणी नाही असे पाहून तिने हळूच विचारले, "ते पान निघालं का?"

"निघालं."

तिने मान हलवली, गोळ्या जेवणानंतर द्यायच्या आहेत असे बजावले आणि गेली.

तोवर निनावी अर्ज म्हणजे भित्र्यांचे काम, असे मी मानत असे. कित्येक न वाचता बाजूला सारले होते. त्यानंतर निवृत्तीपर्यंत एकही सारला नाही. ज्याच्याविरुद्ध लिहायचे, त्याच्याच घरात संध्याकाळी पोळ्या लाटणारी बाई सही कुठून करणार?