पालखीपुढची घोंगडी

जालन्याच्या मस्तगडातून सकाळी निघालो. अंबडच्या पुढे एसटीने एका फाट्यावर सोडलं. तिथून महादेवाच्या देवळापर्यंत तासाभराची पायवाट. दोन्हीकडे फुटलेला कापूस, आणि मध्येच वाटेवर आडवी काटेरी तार! खालून सरपटताना पँट फाटली.

देऊळ लहान, काळ्या दगडाचं. पायऱ्या झिजून वाटीसारख्या खोल झालेल्या. गुरवांनी भाकरीसोबत येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी) वाढली. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसऱ्यांदा मागून घेतली.

"आज पालखी हाय," गुरव म्हणाले, "पण पुढं जाईल का न्हाई, देवालाच ठावं."

इथल्या तीन गावांचा रिवाज असा की ज्याचं कुणी ऐकत नाही, त्याने पालखीच्या वाटेवर घोंगडी अंथरून बसावं. वाद मिटेपर्यंत पालखी पुढे सरकत नाही, आणि खांद्यावरून उतरतही नाही.

पालखी निघाली. वेशीजवळ धनगरांच्या सखूबाई घोंगडी टाकून बसल्याच होत्या. मी जिच्याखालून आलो त्याच तारेने त्यांच्या मेंढरांची तळ्याची वाट बंद झाली होती. तारवाले भगवानराव नेमके पालखीच्या पुढच्या दांडीला.

"आक्का, काय करून राह्यली? खांदा भरून आला!"

"माझी मेंढरं चार दिस झाले तळ्याला गेली न्हाईत. तुझ्या खांद्याचं काय घेऊन बसला?"

"मेंढरं कापूस खातात, मंग तार न्हाई लावायची?"

"खाल्ला का कधी? महादेवापुढं सांग."

भगवानरावांनी दांडीवरचा हात बदलला. मागचा भोई ओरडला, "दादा, बोल की जल्दी! पाप तुझं, पाठ आमची!"

"बरं, उद्या काढतो. बिलकुल काढतो."

"मंग पालखी बी उद्याच जाईल," म्हणत सखूबाईंनी पाय पसरले.

लोक खो-खो हसले. भगवानरावांनी दांडी दुसऱ्याच्या खांद्यावर दिली आणि पक्कड मागवली. पालखी वेशीतच थांबली, बाकी सगळी जत्रा त्यांच्यामागे शेताकडे वळली. तार निघाल्याची हाक आली, तशी सखूबाईंनी घोंगडी उचलली. आधी पालखी गेली, मग मेंढरं.

मी गुरवांना विचारलं, "बाईला पालखी अडवता येते, मग खांदा का देता येत नाही?"

ते म्हणाले, "आजवर कुणी मागितला न्हाई."

परतताना एसटीत मी त्याच उत्तरावर धुमसत होतो. न मागता हक्क द्यायला काय हरकत होती? तरीही त्या गावांना माझा सलाम. आमच्या शहरात गाऱ्हाणं घेऊन गेलेला माणूस बाकावर ताटकळतो आणि साहेब मागच्या दाराने निघून जातो. तिथे एक बाई वाटेत बसली, आणि देव उन्हात थांबला.