वार एक की दोन

आमच्या बायकांच्या दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते नंबर लावून बसलेलेच असतात. जालन्यात मी बरीच वर्षं सोनोग्राफी करते. पोटात जुळी दिसली की मी आधी शोधते, वार, म्हणजे बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती, एक आहे की दोन? हा प्रश्न माझ्याशिवाय कुणालाच पडत नाही!

केदारखेड्याच्या एका सासूबाईंना पडला होता जोडकेळ्याचा. ते खाल्लं की जुळी होतात म्हणे, तर सुनेनं ते कुणाच्या लग्नात खाल्लं, याची चौकशी माझ्यासमोरच सुरू झाली. सून बिचारी शपथा घेत होती. दोन्ही बाळांना वेगळी वार दिसली, तशी मी म्हणाले, चला, धोका कमी. सासूबाई विचार करून म्हणाल्या, "मंग केळं चांगलं पिकेल असंल."

एमआयडीसीतल्या एका सुपरवायझरच्या बायकोला मात्र जुळ्यांत एकच वार होती. त्यातून दोघांना रक्त जातं. कधी एकाला जास्त, दुसऱ्याला कमी. त्यात दोघांच्याही जिवावर बेतू शकतं, म्हणून दर पंधरा दिवसांनी तपासणी, असं मी त्याला समजावलं.

"मॅडम, मधी व्हॉल्व्ह बसवता येत न्हाई का?"

मला हसू आलं. पण वेळ पडली तर मोठ्या शहरात लेझरनं मधल्या रक्तवाहिन्या बंद करतात. माणूस बरोबर बोलला होता.

धावड्याच्या गयाबाई मात्र विसरता येत नाहीत. दिवस गेल्याचं लवकर सांगितलं की दृष्ट लागते, म्हणून त्यांनी सुनेला पाचव्या महिन्यापर्यंत घरातच ठेवलं. आणली तेव्हा एका बाळाभोवती पाणीच पाणी, दुसऱ्याभोवती जवळजवळ नाहीच. वार एकच. मी लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं. एकच बाळ वाचलं.

नंतर गयाबाई एकट्याच येऊन बसल्या. "आधी आणली असती तर?"

मला खोटं बोलवेना. "कदाचित," एवढंच म्हणाले. ते म्हटल्याचं मला अजून वाईट वाटतं.

दीडेक वर्षानं त्या पुन्हा आल्या. सोबत शेजारची सून, नुकताच तिसरा महिना लागलेली. हिच्या सासूला माहीत आहे का, मी विचारलं.

"कुणालाच न्हाई. बांगड्या भरायला चाललो म्हणून आणलंय," गयाबाई दार लावत म्हणाल्या. "दोन असले तर वार किती, ते आधी बघा."