बोडीच्या पोटातलं सरकारी धान

महायुद्धाच्या काळात मी शेतकी खात्यात कामदार होतो. कामदार म्हणजे गावोगाव फिरून शेतकऱ्यांना शेती शिकवणारा सरकारी माणूस. बहुतेक वेळा मीच शिकून परत येई. नागपूरकडच्या गोरेगावच्या आसपासची गावं माझ्याकडे होती. माझे साहेब, शेतकी अधिकारी, विद्वान माणूस. एका गावची बोडी, म्हणजे पाळ घालून अडवलेलं लहान तळं, त्यांनी दोन वर्षं मोजली होती. पाणी किती साठतं, पावसानं ताण दिला तर खालच्या किती बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, पुरतं, सगळं. पट्टी धरून पाण्यात मी उभा राहत असे. जळवाही मलाच लागल्या.

मग ‘अधिक धान्य पिकवा’चा हुकूम आला. प्रत्येक तहसिलीनं नवी जमीन लागवडीखाली आणून दाखवायची होती. जंगल खातं एक झाड तोडू देईना, तेव्हा तहसीलदारांची नजर बोडीवर गेली. पाळ फोडायची आणि तळ्याच्या पोटात धान लावायचं.

साहेबांनी आपला अहवाल पुढे केला. म्हणाले, “तळ्यात पिकेल त्याच्या कितीतरी पट खाली करपेल.”

तहसीलदारांनी अहवाल आदरानं हातात घेतला आणि न उघडताच परत दिला. “आपका शास्त्र सही है, साहब. पण नागपूरले नवी जमीन पाहिजे. खालची तर जुनी आहे, तिले कोण विचारून राहिलं?”

चहा संपेपर्यंत साहेबांचं शास्त्र मऊ पडलं. हुकूम निघाला तेव्हा त्यात ‘तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार’ असे शब्द होते आणि खाली साहेबांची सही होती. तो गावात वाचून दाखवायचं काम अर्थातच माझं.

पाळीला लागून एका म्हाताऱ्या विधवेची शेती होती. हुकूम ऐकून ती पुढे आली.

“पानी कायले सोडून राहिले बाबू? तुमच्या बुकात असंच लिवलं हाय का?”

“नाही माय.”

“मंग काऊन करता?”

“हुकूम आहे.”

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी कागदाची घडी घालत बसलो.

ज्येष्ठात पाळ फोडली. तळ्यातल्या गाळात धान असं माजलं की काय सांगावं! भादव्यात पावसानं तोंड फिरवलं, तरी ते हिरवंगार. पाळीखालच्या बांध्या मात्र भेगाळल्या. त्याच सुमारास नागपूरहून एक बडे पाहुणे पाहणीला आले. तळ्याच्या पोटात मांडव पडला, हारतुरे झाले, फोटो निघाले. शास्त्रशुद्ध शेतीवर साहेब अर्धा तास बोलले. पाहुण्यांनी पाळीवर चढून खाली पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, “ते पिवळं काय आहे?”

तहसीलदार लगेच म्हणाले, “ते लोक जुन्या पद्धतीनं शेती करतात, हुजूर.”

म्हातारी तिथेच उभी होती. “जुन्या पद्धतीत पानी रायते, साहेब,” ती मोठ्यानं म्हणाली. पाहुण्यांना मराठी येत नव्हती. तहसीलदारांनी भाषांतर केलं, “म्हातारी आपले आभार मानते आहे.” पाहुण्यांनी तिला हात जोडले.

मी माझ्या अहवालात दोन्ही पिकं लिहिली, तळ्यातलंही आणि खालचंही. खालच्या पिकाच्या परिच्छेदावर साहेबांनी लाल काट मारून अहवाल परत पाठवला. शेजारी बारीक अक्षरात ‘विषयाशी संबंध नाही’. मी नवा कागद घेतला, तेवढा परिच्छेद गाळला आणि सही केली. नोकरी होती. साहेबांना बढती मिळाली, ते नागपूरला गेले.

वैशाखात गावानं कुणालाही न विचारता पाळ बांधायला घेतली. मी पाहणीला गेलो तर सगळं गाव मातीच्या टोपल्या वाहत होतं. मला पाहून माणसं थबकली. म्हातारीनं मात्र आपली टोपली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, “पायत काय राहिले? उचला.” मी उचलली. दुपारपर्यंत खांदे सोलून निघाले.

खात्याला मी कळवलं की नवी जमीन उत्तम स्थितीत आहे. नागपूरहून पुन्हा कोणी पाहायला आलं नाही. माझी बदली होईपर्यंत बोडी पाण्यानं भरत होती, आणि खात्याच्या तक्त्यात दरवर्षी तिच्या पोटात धान पिकत होतं.