शालूचा मिस कॉल

श्रीगजाननास वंदन करून, आणि माझी पुतणी शालू दौंडच्या कार्यशाळेत कामाला लागल्याला आज एक वर्ष पूर्ण झाले या निमित्ताने, हा वृत्तान्त लिहावयास घेतो. फोन वाजला की उचलावा, एवढीच फोनविद्या मला अवगत होती. घोटाळ्याला तेवढी पुरली.

शालू बावीस वर्षांची. तिची बुद्धी जन्मापासून संथ चालते. एक गोष्ट शिकावयास तिला महिना लागतो. मात्र शिकलेले ती कधीही सोडत नाही. (मी काशीत शिकलेले निम्मे दौंड येईपर्यंत गाडीतच विसरलो होतो.) शिरूरहून एकटीने एस.टी.ने दौंडला जायचे आणि तिथे मेणबत्त्या करायच्या, असा तिने हट्ट धरला. तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ दत्तू, म्हणाला, "एक दिवस जाऊन दाव. घोळ झाला तर परत नाव काढायचं न्हाई."

कार्यशाळेच्या बाईंनी तिला मोबाइल शिकवला. एका बटणावर लाल टिकली चिकटवली होती. ते दाबून धरले की माझा फोन वाजे. स्टँडवर गलबल असते, तिथे बोलायचे नाही. उतरल्यावर फक्त एक मिस कॉल द्यायचा, आणि तो झाल्यावरच निघायचे. हे मलाही समजावले होते. मी मान डोलावली होती.

त्या दिवशी ती एकटी निघाली. ठरल्या वेळी फोन वाजला. दाराशी आलेला अतिथी आणि वाजणारा फोन यांस तिष्ठत ठेवू नये, हा माझा संस्कार. मी उचलला. "हरि ॐ. बोल बाळ."

फोन बंद झाला.

पुन्हा वाजला. मी अधिक तत्परतेने उचलला. पुन्हा बंद. सातव्या वेळी तर पहिली घंटा पुरी होण्याआधीच मी "हरि" म्हणून चुकलो होतो. (ॐ म्हणण्याची संधी ती देत नव्हती.) पोरीच्या हातून कोणी फोन हिसकावीत आहे, याविषयी माझ्या मनात संशय उरला नाही. आपण होऊन तिला फोन लावणे मला येत नव्हते.

दत्तूला शेतातून बोलावले. त्याने आपल्या फोनवरून लावून पाहिला. "एंगेज लागतोय, आप्पा."

"अरेरे," मी म्हणालो, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. मी उचलला.

शेजारच्या बबनची जीप काढली. न्हावऱ्यापर्यंत फोन चार वेळा वाजला, चारही वेळा मी उचलला. बबन म्हणाला, "आप्पा, एकदा वाजू तरी द्या की." संकटसमयी असा विनोद मला रुचला नाही.

दौंडच्या स्टँडवर शालू चौकशीच्या खिडकीजवळ शांतपणे उभी होती. दोन तास ती तशीच उभी होती.

"आप्पा, तुम्ही उचलता कशाला?" ती म्हणाली. "उचलला म्हंजी मिस कॉल झाला न्हाई. झाल्याबिगर निघायचं न्हाई, बाईंनी सांगितलंय."

दत्तूने माझ्याकडे पाहिले. मी पंच्याची घडी नीट करू लागलो.

"पप्पा, माझा घोळ झाला का?" तिने विचारले. तिचा आवाज एवढा बारीक मी प्रथमच ऐकला.

"तुझा न्हाई," दत्तू म्हणाला.

"मग आता द्यू का?"

तिने तिथेच टिकली दाबली. फोन माझ्या हातात वाजला आणि अंगठा आपोआप बटणावर गेला.

"आप्पा," ती म्हणाली, "हात मागं."

भर स्टँडवर, कंडक्टर व उसाचा रस विकणारा यांच्या साक्षीने, मी हात पाठीमागे बांधले. फोन दत्तूने धरला. दोन घंटा झाल्या. तिने कापला, पिशवी खांद्याला लावली आणि एकटीच कार्यशाळेच्या रस्त्याला लागली. तिने मागे वळूनही पाहिले नाही.

परतताना दत्तूने निकाल सांगितला. "शालू उद्यापासनं एकटी जाईल. आप्पा, तुमचा फोन मातुर वैनीकडं द्या."

हे वाचणाऱ्या सज्जना, तुझ्या घरची लेकरे सुखरूप पोचोत, त्यांचे निरोप वेळेवर येवोत. आणि घरात माझ्यासारखा कोणी विद्वान असल्यास, परमेश्वर त्यास दोन घंटा गप्प बसण्याचे सामर्थ्य देवो.