गव्हाचा उपास आणि कळसचं जातं

माझ्या नवऱ्याच्या, अविनाशच्या मावशीचा इंदापूरजवळच्या कळसहून फोन आला, "हुरडा आलाय, सुनंला घिऊन ये!" आणि मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, "जायचं!" हुरडा म्हणजे कोवळी ज्वारी, आणि ज्वारीत ग्लुटेन नसतं. माझ्यासारखीला आणखी काय हवं?

माझ्यासारखी म्हणजे सीलिअ‍ॅकवाली. गव्हातलं ते चिवट प्रथिन माझ्या आतड्याला चिमूटभरही सोसत नाही. डॉक्टरांनी गहू बंद केल्यापासून पोटफुगी गेली, थकवा गेला, पण दुसऱ्याच्या घरी जेवणंही गेलं. लग्न असो नाहीतर बारसं, मी आपली कोपऱ्यात माझा डबा उघडून बसते. कंटाळा आलाय हो त्या डब्याचा! या वेळी मावशींच्या हातचं जेवायचंच, असं ठरवलं. आणि तरीही डबा भरून घेतला, कारण मी एक नंबरची भित्री आहे.

दिवे घाट, जेजुरी, मोरगाव करत बारामती गाठली. मोरगावला अविनाशने वडापाव हाणला, मी राजगिऱ्याचा लाडू चघळला. बारामतीत धान्यासाठी थांबलोच. इथली ज्वारी अशी टपोरी आणि मोत्यासारखी की मी पोत्यात हात घालून उभीच राहिले. भाव गव्हापेक्षा चढा आहे, पण घ्याच. दुकानदार शकूरभाई म्हणाले, "ताई, खपली न्या की. शुगरवाले लई नेत्यात."

"पण तो गहूच ना?"

"गव्हाचाच भाऊ की ओ!"

म्हणजे बाद. खपलीत ग्लुटेन नसतं असं सांगणारे मेसेज तुम्हालाही आले असतील. नसतं कसं? असतं. माझ्यासारख्यांनी ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा नि तांदूळ एवढ्यांशीच सोयरीक करावी. थंडीत बाजरी, हाडांसाठी नाचणी, आणि रोजच्याला ज्वारी.

भवानीनगरपाशी कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर लागले. एकेकामागे दोन-दोन ट्रॉल्या, वर दणदणीत गाणी. ओव्हरटेकची घाई करू नका. आम्ही काच खाली करून त्यांच्याबरोबर गात कळसला पोहोचलो.

मावशींनी पानंच वाढून ठेवली होती. भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. भाकरी इतकी मऊ की घास मोडताना मला गहिवरून आलं.

"मावशी, काय मऊ झालीय हो!"

"व्हय तर! पुण्याच्या मान्साला मऊ लागती म्हनून मूठभर गव्हाचं पीठ घातलंय."

माझा घास हवेतच थांबला. अविनाशने फोनवर सांगितलं होतं की मी गव्हाची पोळी खात नाही. मग मावशींच्या लेखी ही कुठं पोळी होती? मी ग्लुटेन, आतडं, सगळं समजावू लागले. मावशींचा चेहरा पडत गेला. "आगं, एक मूठ तर हाय," त्या हळूच म्हणाल्या. माझा हात डब्याच्या पिशवीकडे गेला आणि मला रडूच यायला लागलं. मग एकदम सुचलं.

"मावशी, असं समजा, माझा गव्हाचा उपास आहे. जन्मभराचा. कडक."

मावशी ताडकन उठल्या. "मग आदी बोलायचं न्हाय व्हय! उपासाला शिवाशिव चालती का?" परात, तवा, पोळपाट, सगळं पुन्हा घासून निघालं. हिंगात गव्हाचं पीठ असतं म्हटल्यावर हिंगाची डबी थेट माळ्यावर गेली. गिरणीचं पीठ बाद, कारण तिथं गहूही दळतात. पण माळ्यावरून खाली आलं उपासाचं जातं! त्यावर आजवर भगरीशिवाय काहीच दळलेलं नव्हतं.

समोरासमोर बसून आम्ही बारामतीहून आणलेली ज्वारी दळली. मला खुंटा धड फिरवता येईना, पीठ नाकावर, मावशी हसून हसून बेजार. शेजारीण डोकावली. "सूनबाईचा उपास? कंच्या देवाचा गं?"

"पोटोबाचा!" मावशी म्हणाल्या.

त्या भाकरीला कडेला चिरा गेल्या होत्या. मी तीन खाल्ल्या. दुपारी शेतात शेकोटीभोवती गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. दुसऱ्या दिवशी पोट अगदी गप्प! मी अंगणात उड्या मारल्या, अविनाश कपाळावर हात मारून बघत होता. परत येताना इंदापूरला हायवे धरला. टोल पडतो, पण रस्ता सुसाट.

घरी आल्यावर डबा उघडला. भरलेला तसाच होता, आणि चांगलाच आंबला होता. इतका वास मारणारा डबा मी आयुष्यात कधी एवढ्या आनंदाने घासला नसेल.

परवा मावशींचा फोन आला. "शेजारीण जातं मागाया आल्ती, लापशीला गहू भरडायचा म्हनं. न्हाय दिलं म्या."

"अहो, द्यायचं की."

"कशाला? म्हनलं, ते आमच्या सुनंचं हाय."